गाडी खालून पाहावी

एका जुन्या फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देऊ शकणाऱ्या गाडीचा, सौदा जवळजवळ ठरत आला होता. रंगाला चकाकी, सीटकव्हर नवी, इंजिन पहिल्याच सेल्फला चालू. घेणाऱ्याने जाता जाता गिअरशेजारचा, पुढची चाकं जोडणारा छोटा लिव्हर मागे ओढून पाहिला, तर तो हलेना. दोनदा जोर लावला, तरी नाही. विकणारा मनापासून, थोड्या अभिमानानेच म्हणाला, "कधी वापरलाच नाही हो, कोरा आहे." आणि घेणाऱ्याला ते पटलं, आवडलंसुद्धा. त्या माणसाने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. तरी ते वाक्य तेव्हापासून डोक्यात रुतून बसलंय, कारण जो दोष होता तो त्याने गुण म्हणून सांगितला आणि समोरच्याने गुण म्हणूनच घेतला.

न वापरलेलं यंत्र कोरं राहत नाही. ट्रान्सफर केसच्या, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरडब्याच्या, लिव्हरची जोडणी गाडीच्या पोटाखाली उघड्यावर असते. पाणी आणि धूळ खाऊन तिचे बुश आणि पिना गंजतात आणि एक दिवस जागच्या जागी धरतात. पुढच्या चाकांच्या फ्री व्हील हबमधलं (टू व्हीलमध्ये ती चाकं मोकळी सोडणाऱ्या जोडणीतलं) ग्रीस सुकून घट्ट होतं. व्हॅक्यूमवर चालणारे हब असतील तर त्यांच्या रबरी नळ्यांना चिरा पडतात. बटण दाबलं की डॅशबोर्डवरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो आणि पुढची चाकं जोडली जात नाहीत. ज्या गाड्यांना असे हबच नसतात, त्यांत पुढचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) आणि त्याच्यापर्यंत ताकद नेणारा पुढचा प्रोपेलर शाफ्ट टू व्हीलमध्येही फिरतच असतो. पण 'फोर व्हील लावलीच नाही' या समजुतीत त्यांचं ऑइल वर्षानुवर्षं कोणी बदलत नाही. महिन्यातून एकदा मातीच्या नाहीतर ओल्या रस्त्यावर पंधराएक किलोमीटर फोर-एचमध्ये (नेहमीच्या वेगाच्या फोर व्हीलमध्ये), जमेल तितकं सरळ चालवलं, तरी हे सगळं जिवंत राहतं. तेवढंच पुरतं, आणि तेवढंच बहुतेकांकडून होत नाही.

म्हणून जुनी ऑफ-रोड गाडी शोधायला निघालं की दोन टोकं भेटतात. एका टोकाला शहरातच वाढलेल्या, कधी चिखल न पाहिलेल्या गाड्या. दुसऱ्या टोकाला दर सुट्टीला नदीत उतरवलेल्या, दगडांवर आपटलेल्या. रोजच्या वापरासाठी हवी असते ती यांच्या मधली: अधूनमधून कच्च्या वाटेला लागलेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली, आणि कंपनीतून आली तशीच ठेवलेली. दिसायला ती या दोघींइतकी आकर्षक नसते. जाहिरातीतल्या फोटोंत तर ती लक्षातही येत नाही.

आधी एक प्रश्न स्वतःपाशी सोडवलेला बरा: ही गाडी महिन्यातले बहुतेक दिवस कुठे चालणार आहे? उत्तर जवळपास नेहमी 'डांबरी रस्त्यावर' असंच येतं, आणि तिथेच ड्राइव्हच्या प्रकाराचा मुद्दा निर्णायक ठरतो. पार्ट-टाइम पद्धतीत, म्हणजे फोर व्हील गरजेपुरतीच लावायच्या गाडीत, फोर-एच लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, म्हणजे त्यांना जास्त फिरावं लागतं. पण जखडलेले शाफ्ट ते होऊ देत नाहीत. मातीत चाक थोडं घसरतं आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग तो ताण शाफ्टमध्ये, शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये, ट्रान्सफर केसच्या चेनमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी धक्के देत वळते, आणि लिव्हर पुन्हा टू व्हीलला येईना होतो. अशा वेळी तो हिसकू नये. गाडी सरळ रेषेत चार-सहा मीटर मागे घेतली की ताण सुटतो आणि लिव्हर हलका होतो. थोडक्यात, पार्ट-टाइम गाडी रोजच्या पक्क्या रस्त्यावर मागच्या दोन चाकांवरच चालते. पावसात अर्धा ओला, अर्धा सुकलेला रस्ता असेल तर फोर व्हीलचा फायदा तिला घेता येत नाही. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये सेंटर डिफरन्शियल असलेल्या गाड्यांना ही अडचण नाही. त्यांची चारही चाकं कायम ओढू शकतात आणि गरज पडली की ते डिफरन्शियल लॉक करता येतं.

या दृष्टीने काही जुन्या नावांकडे नव्याने पाहावंसं वाटतं. १९७७ साली आलेल्या लाडा निव्हाला लॅडर फ्रेम, म्हणजे बॉडीखालची शिडीसारखी वेगळी चेसिस, नव्हती, एकसंध बॉडी होती, चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग होत्या, कायमस्वरूपी फोर व्हील, सेंटर डिफरन्शियल लॉक आणि लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) होती. त्या काळात एवढं सगळं एका छोट्या स्वस्त गाडीत बसवणं हे मोठं काम होतं. मित्सुबिशीने १९९१च्या पजेरोत सुपर सिलेक्ट दिलं, म्हणजे टू व्हील, कोरड्या रस्त्यावरही चालेल अशी फोर व्हील, लॉक केलेली फोर व्हील आणि लो रेंज असं सगळं एकाच लिव्हरवर. २००५ नंतरच्या सुझुकी ग्रँड व्हिटाराच्या अनेक आवृत्त्यांत बॉडीतच फ्रेम मुरवलेली आहे, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, सेंटर डिफरन्शियल आणि लो रेंजही आहे. आणि १९९८ची जिम्नी: लॅडर फ्रेम, पुढे-मागे अखंड अॅक्सल (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा एकच सलग आस), कॉइल स्प्रिंग, पार्ट-टाइम ड्राइव्ह, व्हीलबेस जेमतेम २,२५० मिलिमीटर. खडकाळ वाटेवर तिच्या जवळपास फिरकणाऱ्या गाड्या थोड्याच. पण डिकीत दोन पिशव्या ठेवल्या की जागा संपते, आणि हायवेवर शंभरच्या पुढे तिचं १.३ लिटरचं इंजिन सतत ओरडत राहतं. हे दोन्ही खरं आहे. त्यातलं कुठलं खरं आपल्या रोजच्या वाट्याला जास्त येणार, ते धरून चालावं.

अखंड अॅक्सलविषयी मनात मोठा ओढा असतो, तो समजण्यासारखा आहे. एक चाक दगडावर चढलं की त्याच अॅक्सलचं दुसरं चाक खाली दाबलं जातं, आणि डिफरन्शियलखालची उंची फारशी कमी होत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये दोन्ही बाजू एकदम दबल्या तर गाडीचं पोट जमिनीला टेकतं. लो रेंजमध्ये पहिल्या गिअरला, अॅक्सिलरेटरवरून पाय काढून, गाडी स्वतःच्या चालीने चढ चढते तेव्हा इंजिनाची ती संथ धडधड पायांच्या तळव्यांना जाणवते, आणि ती कुठल्याही मऊ आधुनिक गाडीत सापडत नाही. पण हेच अॅक्सल रोजच्या खड्ड्यात एका चाकाचा धक्का दुसऱ्या चाकाला देतं. मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कमरेला हे आधी कळतं, चालवणाऱ्याला नंतर.

आता गाडीखाली जायचं.

पाहणीला जाताना जुने कपडे, टॉर्च, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर, चिंधी आणि एक छोटा आरसा एवढं सोबत असावं. चेसिसवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूहळू ठोकत जावं. निकोप लोखंड खणखणतं; आतून कुजलेलं बद्द वाजतं. गंज बाहेरून आत जातो असा समज आहे, पण पेटीसारख्या पोकळ चेसिसमध्ये तो बहुधा आतून बाहेर येतो. चिखल आत शिरतो, निचऱ्याची भोकं बुजवतो आणि ओल धरून बसतो. त्यामुळे मागचा आडवा तुकडा, पाट्यांचे किंवा स्प्रिंगचे हँगर, बॉडी जिथे चेसिसवर बसते ते माउंट, सस्पेन्शनचे दांडे जिथे जोडले जातात त्या जागा आणि पेट्रोलच्या टाकीचे पट्टे यांना जास्त वेळ द्यावा. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवरून बोट फिरवावं. खवले हाताला लागले तर त्या बदलायच्याच. वरवरचा तांबूस थर चिंतेचा नसतो. काळजी वाटली पाहिजे ती ताज्या, एकसारख्या, काळ्याभोर रंगाची. विकण्याच्या आठवड्यात कोणी चेसिस रंगवलं असेल तर त्याखाली काय आहे ते पाहिल्याशिवाय पुढे बोलू नये. चेसिसवर वेल्डिंगचे ठिगळ असेल तर ते कोणी, कधी, किती जाडीच्या पत्र्याने केलं, हे विचारावं. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चेसिस बदलणं म्हणजे गाडीच बदलणं.

पाण्यात बुडालेली गाडी धुऊन काढता येते, पण पूर्ण नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा: गुंडाळीच्या आतल्या भागावर मातकट रेघ दिसली तर पाणी तिथपर्यंत आलं होतं. हेडलाइटच्या तळाशी गाळाचा बारीक थर, सीटच्या रुळांवर गंज, गालिचा उचलल्यावर येणारा कोंदट वास, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या कनेक्टरवर हिरवट-पांढरी बुरशी, हे सगळं त्याच गोष्टीकडे बोट दाखवतं. मग डिफरन्शियलचा भरायचा बोल्ट उघडून आत बोट घालावं. ऑइल तपकिरी-काळं असेल तर ठीक. दुधाळ, राखाडी, फेसाळ असेल तर आत पाणी आहे. कारण साधं आहे: चालून तापलेलं अॅक्सल थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरची, म्हणजे अॅक्सलमधल्या हवेच्या ये-जा करण्याची, नळी तुंबलेली किंवा अॅक्सललगत आखूड असेल तर सीलमधून किंवा ब्रीदरमधूनच पाणी ओढून घेते. बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची बारीक करडी पेस्ट ही नेहमीची झीज आहे. पण बोटाला टोचणारे तुकडे म्हणजे गिअरचे दात. स्नॉर्केल बसवलेली गाडी पाहून धीर वाटतो, पण स्नॉर्केल फक्त इंजिनाच्या श्वासाची वाट उंच करतो. अल्टरनेटर, स्टार्टर, हब आणि डिफरन्शियल यांना तो काहीही संरक्षण देत नाही.

बदल केलेल्या गाड्यांविषयी माझं मत ठाम आहे: रोजच्या वापरासाठी, सारखीच वर्षं आणि सारखंच मीटर असेल तर, बिनबदलाची गाडी घ्यावी. चाळीस-पन्नास मिलिमीटरची उंची वाढवलेली असेल आणि नीट केलेली असेल तर ती निभावते. त्याहून जास्त उचललेल्या अखंड अॅक्सलच्या गाडीत कॅस्टरचा कोन, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या अक्षाचा कल, कमी होतो आणि स्टिअरिंग रस्त्यावर भरकटायला लागतं. अॅक्सलला आडवं जागेवर धरणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे ते एका बाजूला सरकतं. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून कंप येतो. ब्रेकचे होज ताणले जातात. यातल्या प्रत्येकाला उपाय आहे, पण विकणाऱ्याने तो केला आहे का, हे खाली वाकल्याशिवाय कळत नाही. मोठ्या टायरचं गणित तर लोक सहज विसरतात. मूळ टायरपेक्षा घेर १० टक्क्यांनी मोठा असेल तर मीटरवर १०० दिसताना गाडी ११० ने धावते. आणि मीटरवरचे १,००,००० किलोमीटर प्रत्यक्षात १,१०,००० असतात. क्लच, ब्रेक, व्हील बेअरिंग आणि टाय रॉड या सगळ्यांवर तो जादा भार पडलेला असतो, तो कुठल्याच मीटरवर उमटत नाही. खोल नक्षीचे मड टायर तर रोजच्या गाडीवर नकोतच: आवाज कानात घुमतो, ओल्या डांबरावर ब्रेक उशिरा लागतो, आणि ते झिजतातही लवकर. ऑल-टेरेन पुरेसे. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, रबर तपासून घ्यावं. दहा उलटली असतील तर बदलावंच. कायम फोर व्हील चालणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. तिथे दोन-तीन मिलिमीटरचा फरकही सेंटर डिफरन्शियलला किंवा कपलिंगला सतत कामाला लावतो.

स्टिअरिंगची तपासणी दोघांनी करायची असते. इंजिन चालू ठेवून, चाकं जमिनीवर असताना एकाने स्टिअरिंग थोडंसं डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली पाहायचं. पॅनहार्ड रॉडचा बुश सैल असेल तर रॉड हलतो आणि अॅक्सल मागून येतं; टाय रॉडचे एंड गेले असतील तर ते उघड डोळ्यांना उड्या मारताना दिसतात. मग जॅक लावून, खाली स्टँड ठेवून, चाक वर-खाली धरून हलवावं: तिथे ढिलाई असेल तर व्हील बेअरिंग किंवा किंग पिनचं, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिचं, बेअरिंग. डावी-उजवीकडे असेल तर टाय रॉड. अखंड अॅक्सलच्या गाड्यांत साठ ते ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं तेव्हा गॅरेजमध्ये आधी बॅलन्सिंग केलं जातं, मग स्टिअरिंग डॅम्पर बदलला जातो, आणि थरथर काही दिवस दबते. मूळ कारण बहुतेकदा किंग पिनच्या बेअरिंगमध्ये किंवा पॅनहार्डच्या बुशमध्येच असतं. नवा चकचकीत डॅम्पर दिसला तर तो का बदलला, हे विचारावं. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबडी भुकटी दिसली तर आतली सुई-बेअरिंग कोरडी पडली आहेत. रिव्हर्स टाकताना 'टक्' असा आवाज येतो तो बहुधा तिथलाच.

इंजिन थंड असताना पाहायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवावा. ते कोमट असेल तर चहाचं निमित्त काढून थांबावं किंवा दुसऱ्या दिवशी यावं. चालू इंजिनाची ऑइल भरायची टोपी उघडली तर थोडी हवा येणारच. पण टोपी थडथड उडायला लागली तर पिस्टनच्या रिंगा थकल्या आहेत. रेडिएटरच्या जाळीत टॉर्च धरावा. मागच्या थरांत वाळलेला चिखल बसलेला असतो, हायवेवर तो त्रास देत नाही. लो रेंजमध्ये किंवा वाहतूक कोंडीत मात्र तापमानाचा काटा चढू लागतो. टायमिंग बेल्ट बदलल्याचा कागद नसेल तर तो बदललेला नाही असंच धरावं. डिझेलचा मोह टॉर्कसाठी होतो आणि तो रास्त आहे. पण गाडीला धुराचा फिल्टर असेल आणि रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा असेल तर तो फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्याइतका कधी तापतच नाही. त्याला अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग वेग लागतो. छोट्या फेऱ्यांसाठी जुनं, साधं पेट्रोल इंजिन जास्त इंधन खाऊनही कमी छळतं.

इंधनाचा हिशेब आधीच कागदावर मांडलेला बरा. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले तर लिटरला १२ देणारी गाडी १,००० लिटर खाते आणि ८ देणारी १,५००. तो ५०० लिटरचा फरक दरवर्षी येणार आहे, खरेदी मात्र एकदाच. शिवाय खरेदीच्या रकमेच्या पंधरा-वीस टक्के रक्कम बाजूला काढूनच किमतीचं बोलणं करावं, कारण गाडी घरी आल्यावर पहिल्या महिन्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल अशी सगळी ऑइलं, कूलंट, ब्रेक फ्लुइड, बेल्ट, फिल्टर आणि निदान सस्पेन्शनचे काही बुश बदलायचे आहेत. विकणाऱ्याने 'आत्ताच केलंय' म्हटलं तरी. आणि मॉडेल ठरवण्यापूर्वी चार गोष्टींची चौकशी करून ठेवावी: क्लच प्लेट, पुढच्या हबचं बेअरिंग, ट्रान्सफर केसचा सील किट आणि पुढची काच. या चार वस्तू आठवड्याभरात हाती येत नसतील तर ती गाडी कितीही स्वस्त असो, रोजची गाडी होऊ शकत नाही. तिच्यासोबत दुसरी गाडी ठेवावी लागेल.

चालवून पाहताना पाच मिनिटांची फेरी पुरत नाही. अर्धा तास हवा. मोकळ्या मातीच्या जागेवर गाडी थांबवून, न्यूट्रल करून, क्लच दाबून लो रेंज लावावी. दिवा लागला पाहिजे आणि पहिल्या गिअरला गाडी माणसाच्या चालीने सरकली पाहिजे. पूर्ण वळण दोन्ही बाजूंना घेऊन पाहावं, कटकट आली तर पुढच्या चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट. वेगात अॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना हूं-हूं आवाजाची पट्टी बदलली तर डिफरन्शियल. वळताना बदलली तर व्हील बेअरिंग. एवढं झालं की गाडीबद्दलचं बहुतेक कळलेलं असतं. मग उरलेला वेळ तिच्यासोबत साधी कामं करण्यात घालवावा. गतिरोधकावरून रोजच्या वेगाने जावं. अरुंद जागेत मागे घेऊन लावावी, पाठीवरच्या स्टेपनीमुळे मागचं किती दिसतं ते पाहावं. वर कॅरिअर असेल तर तळघरातल्या पार्किंगची उंची आठवावी. जी माणसं रोज बसणार आहेत त्यांना बोलवावं, आणि चढताना त्यांचा हात कुठे जातो, पाय किती उंच उचलावा लागतो, ते पाहावं. स्वतः मागच्या सीटवर बसून दहा मिनिटं फिरावं. लहान मुलाची सीट बसते का, दार अर्धंच उघडलं तर आत शिरता येतं का, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातो का, हे सगळं त्याच अर्ध्या तासात तपासता येतं. या कसोटीवर अनेकांना ग्रँड व्हिटारासारखी, जुन्या पजेरोसारखी सौम्य गाडीच योग्य ठरते आणि मनात ठसलेली चौकोनी, उंच, अखंड अॅक्सलची गाडी मागे पडते. त्याचं वाईट वाटतं. पण कधी कधी घरचे सगळे तिच्या धक्क्यांसकट तिला हो म्हणतात, मागे बसलेलेसुद्धा. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, तिच्यासाठी पुन्हा जावं.